कुंडाच्या तोंडाशी

"अहो, खड्डा बघून," कुमुद म्हणाली आणि मांडीवरचा थर्मास तिनं दोन्ही हातांनी धरला.

आंबा घाट मला तोंडपाठ आहे. वीज बोर्डाची जीप घेऊन, लाइन तुटली की धुक्यात-पावसात मी तो कितीदा चढलो-उतरलोय. पण बायको शेजारी बसली की माणसानं जन्मात कधी स्टिअरिंग धरलं नसल्यासारखं होतं. मी म्हटलं, अगं, रिकामा थर्मास तो, त्याला काय धक्का लागणार? तर म्हणाली, रिकामा कुठाय, कढत पाणी भरलंय, आतून तापलेला राहायला हवा. त्या दिवशी तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती, खरं सांगतो. सकाळी निघताना ती देवापुढे हात जोडून उभी राहिलेली मी पाहिली होती. आमच्या घरात देवाधर्माचं खातं माझ्याकडे. ती लग्नानंतर कधी तशी उभी राहिलेली मला आठवत नाही.

कुमुद कोल्हापुरात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. मी 'जंतू' म्हणायचो, ती 'जिवाणू' म्हणून दुरुस्त करायची, असा आमचा संसार चालला. कोकणात उन्हाळी आहेत, म्हणजे गरम पाण्याचे झरे. त्यांच्या दगडांवर जे बुळबुळीत धरतं ते खरवडून बाटलीत घ्यायचं आणि ती बाटली लाल थर्मासात उबेला ठेवून घरी आणायची, हे तिचं काम. तिचे जिवाणू कढत पाण्यातले, गारठले की संपले. घरात चहाचा थर्मास वेगळा होता. एकदा आमच्या शलाकानं सहलीला जाताना चुकून लाल थर्मासात चहा भरला. कुमुदनं नंतर तो इतक्या वेळा उकळत्या पाण्यानं धुतला की विचारू नका, आणि शलाका शेजारी उभी राहून विचारतेय, "आई, तुझ्या जिवाणूंना साखर किती चमचे?"

शलाका आमची एकुलती एक. दापोलीला शेतीचं शिकत होती. एका पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात उतरली, पायाला कुठंतरी खरचटलेलं होतं. लेप्टो झाला. ताप आला काय, डोळे पिवळे झाले काय, आठवडाही निघाला नाही. बावीस वर्षांची पोर. कुमुदला त्या जिवाणूचं नाव, गाव, खानदान सगळं ठाऊक होतं. दवाखान्यात तिनं डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं. पण तोवर फार उशीर झालेला होता.

त्यानंतर वर्षभर ती घरी आली की नुसती गॅलरीत बसायची. मी वरण-भात लावायचो, ती जेवायची, उठायची. मग एके दिवशी आपणहून म्हणाली, आंबेकोंडला सोडता का मला? मी लगेच गाडी काढली.

आंबेकोंड हे संगमेश्वराच्या अंगाला एका ओढ्याकाठचं गाव. पन्नासेक घरं, बहुतेक शेतकरी कुणब्यांची. तिथल्या उन्हाळ्याचे, म्हणजे झऱ्याचे, दोन भाग आहेत. खाली बांधलेलं कुंड, त्यात जत्रेला लोक आंघोळ करतात. आणि वर, दगडांच्या कपारीतून जिथं पाणी बाहेर पडतं, ते तोंड. तिथलं पाणी इतकं कढत की फडक्यात तांदूळ बांधून सोडले तर भात होतो. जत्रेआधी गाव कुंड उपसून काढतं, पण तोंडाकडे कुणी फिरकत नसे. कोण भाजून घेईल? त्या तोंडाच्या दगडांवर दुधावर साय धरावी तसा एक थर होता. वरून हिरवा, नखानं उचलला तर खालून नारिंगी. शलाका लहानपणी आईबरोबर जायची, तेव्हा काठावरचा कोमट दगड शोधून त्यावर पालथी पडून राहायची आणि त्या रंगाकडे बघत बसायची. गावातल्या सुगंधावहिनी पाष्टे तिला तिथंच भाकरी आणून द्यायच्या.

ह्या सुगंधावहिनी म्हणजे कुमुदच्याच वयाच्या. कुमुदचं काम त्यांना काय कळत होतं देव जाणे. पण बाय उन्हात बसून दगड खरवडते म्हटल्यावर डोक्यावर धरायला इरलं आणून द्यायच्या. शलाका गेल्यावर कुमुद पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा वहिनींनी एक शब्द विचारला नाही. नुसत्या शेजारी बसून राहिल्या, मी पाहिलंय.

त्या फेरीत कुमुदनं आणलेल्या बाटलीत ते निघालं. मी मेथी निवडत बसलो होतो, तर ती येऊन समोर बसली आणि म्हणाली, नवीनच आहे, जगात कुणी पाहिलेला नाही. मी विचारलं, कुणापैकी? मग तिनं सांगितलं, आधी संघ, संघात वर्ग, वर्गात गण, गणात कूळ, मग प्रजाती, मग जाती. मी म्हटलं, पत्रिकाच काढलीस की त्याची. ती हसली. किती दिवसांनी हसली होती. मग मीच पुढं पुढं विचारत गेलो. संघाचं नाव तेव्हा क्लोरोफ्लेक्सी होतं, आता ते बदलून क्लोरोफ्लेक्सोटा झालंय म्हणे. त्यातली मंडळी कुठं कुठं राहतात ते ती बोटांवर मोजून सांगत होती. कढत झऱ्यांत, मिठागरांत, समुद्राच्या तळाशी, शेतातल्या मातीत, सांडपाण्याच्या केंद्रातल्या गाळात, आणि आपल्या हिरड्यांखालीसुद्धा. मी म्हटलं, आमच्या इंगवल्यांसारखेच की मग, कागलपासून कॅनडापर्यंत. पण हा जो एक होता, तो मात्र आंबेकोंडच्या तोंडाशी सोडून तिला दुसरीकडे कुठं सापडला नाही. कोकणातली सगळी उन्हाळी तिनं त्यापायी पालथी घातली.

"त्याला नाव द्यायचा मान माझा आहे," ती म्हणाली. "शलाकाचं द्यावं म्हणतेय."

माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. मला संताप आला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत संताप आला. "जंतूनं नेली तिला," मी म्हटलं, "आणि जंतूलाच तिचं नाव देतेस?"

कुमुदनं ह्या वेळी शब्द दुरुस्त केला नाही. "तो संघच वेगळा आहे हो," ती हळूच म्हणाली. "ज्यानं नेली तो नागमोडी पिळाचा, स्पायरोकीटांतला. हा सरळ, दोऱ्यासारखा. ह्या दोघांत जेवढं अंतर आहे ना, तेवढं तुमच्यात आणि दारातल्या आंब्यातसुद्धा नाही. ह्यानं कधी कुणाचं वाईट केलेलं नाही. ऊन आणि कढत पाणी एवढ्यावर जगतो. माणसं नव्हती तेव्हापासून ह्याचं घराणं आहे, आपण गेल्यावरही राहील. तिचं नाव मला अशा कुणालातरी द्यायचंय, जो मरणार नाही."

मी उठून आत गेलो. पुढं बरेच दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. मग एका रविवारी, मटण शिजत असताना, मी म्हटलं, काय नाव बसतंय मग? ती म्हणाली, शलाकिया. मी दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. म्हटलं, दे.

पण नाव द्यायचं म्हणजे बारसं करून घुगऱ्या वाटण्याइतकं सोपं नव्हतं. त्याचा नियम आहे. तो जिवाणू जिवंत हवा, एकटा वाढवलेला हवा आणि दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत पाठवायला हवा. आमच्याकडे जिवंत आहे, असं दोन्हीकडून लिहून आलं की मग नाव पक्कं. आणि हा गडी एकटा वाढतच नव्हता. शेजारपाजार काढून घेतला की मान टाकायचा. कुमुदनं त्याच्यापायी तीन वर्षं घातली. काय खायला घालू, किती ऊब देऊ, दिव्याचा उजेड किती ठेवू. शलाका दहा महिन्यांची असताना दूध पीत नव्हती, तेव्हा ही असंच करायची.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये तो एकटा वाढला. कुमुद प्रयोगशाळेतून घरी आली ती थेट फोनकडे गेली आणि आंबेकोंडला फोन लावला. मला नाही, तिच्या भावाला नाही, सुगंधावहिनींना. त्यांना म्हणाली, वहिनी, तुमच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जे आहे ना, त्याला आमच्या शलाकाचं नाव द्यायचं ठरलं. वहिनी पलीकडे रडत होत्या, ही अलीकडे. मी मधे उभा राहून बिल वाढतंय म्हणून खुणा करत होतो.

संग्रहांकडे धाडायचं ठरलं ऑगस्टात. तोवर भरपूर वाढवून घेऊ, म्हणाली. आणि जुलै संपता संपता पंचगंगा गावात शिरली. तो पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगू. आमचं घर वाचलं, कॉलेजही वाचलं, पण सबस्टेशन पाण्यात गेलं आणि निम्म्या गावाची वीज बंद. कॉलेजचा जनरेटर होता, त्याचं डिझेल संपलं आणि पंपापर्यंत रस्ता नव्हता. मी तेव्हा बोर्डातून रिटायर झालो होतो. तरी हाताखालच्या पोरांना फोन केला, म्हटलं काहीतरी करा रे. पोरगा नम्रपणानं म्हणाला, साहेब, पाण्यातली लाइन चालू करायची नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंय. बरोबरच होतं त्याचं. वीज आली तेव्हा कुमुदच्या कपाटांत उबेला ठेवलेल्या कुप्या गारठल्या होत्या आणि बर्फात राखीव ठेवलेल्या वितळून नासल्या होत्या. तिनं एकेक कुपी उजेडासमोर धरून बघितली. एकही जगली नव्हती.

तेव्हा आता एकच जागा उरली होती. पावसाळ्यात ओढा चढतो, तोंडापर्यंत जाता येत नाही, म्हणून दिवाळी होईपर्यंत थांबावं लागलं. पुढच्या मे महिन्यात कुमुद रिटायर होणार, प्रयोगशाळेच्या किल्ल्या द्याव्या लागणार. वाढवायची रीत आता हातात आहे, म्हणाली, बोटाएवढा थर मिळाला तरी मे महिन्याच्या आत पाठवते. आदल्या आठवड्यात तिनं वहिनींना फोनवर एवढंच सांगितलं, येतोय आम्ही. वहिनी म्हणाल्या, या, आमची तयारी झाली. कसली तयारी, ते आम्ही विचारलं नाही. जेवणाची असेल असं वाटलं.

त्या दिवशी घाट उतरून गावात गाडी थांबली तर आठ-दहा बायका रस्त्यापर्यंत सामोऱ्या आल्या. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोली. सुगंधावहिनी पुढं होत्या. त्यांनी कुमुदच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तिचा हात धरून ओढ्याकडे चालायला लागल्या. मी थर्मास घेऊन मागून. कुमुद वळून वळून माझ्याकडे बघत होती, हे काय चाललंय म्हणून. मलाही काही उमगेना.

मला आधी वास आला. पाण्याच्या टाकीत टाकतात त्या टीसीएल पावडरीचा. बोर्डाच्या कॉलनीत टाकी धुतली की दोन दिवस यायचा तोच. मग आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं, आणि मग तोंड.

दगड पांढरे पडलेले होते. आत्ताच खाणीतून काढून आणून लावावेत तसे कोरे, लख्ख. कपारीच्या कडासुद्धा घासलेल्या. त्यावरून कढत पाणी नितळ वाहत होतं आणि पाण्याखाली काही म्हणता काही नव्हतं. मधोमध, जिथं सगळ्यांत जाड थर असायचा, तिथं सिमेंटनं काहीतरी बसवलेलं होतं आणि त्यावर लाल खणाचं कापड टाकलेलं होतं.

"बाय, आता बिनघोर उतरा," सुगंधावहिनी म्हणाल्या. "पाय न्हाय घसरायचा."

मग त्यांनी सांगितलं. बायनी फोन केला त्याच दिवशी गावात बैठक झाली. बाय आपल्या उन्हाळ्याला पोरीचं नाव देतेय, तर ते असल्या बुळबुळीत घाणीत कसं द्यायचं? पाऊस ओसरू दिला, भात कापून घरात घेतलं आणि मग बाया इथं लागल्या. पाणी भाजतंय म्हणून एकीनं ओढ्याचं गार पाणी ओतायचं आणि दुसरीनं तेवढ्यात घासायचं. आधी नारळाच्या काथ्यानं, मग तारेच्या घासणीनं, आणि शेवटी ग्रामपंचायतीतून पावडर आणून टाकली, म्हणजे पुन्हा धरायला नको. पाटी देवरुखात करून घेतली, वहिनींच्या मुलानं बसवली. देवळाच्या पायरीवर, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे लोक आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाटी लावतात. इथं दुसरं काय करायचं असतं? शेवाळाला कुणी पोरीचं नाव देतं, हे त्या बायांच्या स्वप्नात तरी यावं का?

"कापड तुमी काढा," वहिनी म्हणाल्या.

कुमुदनं कापड काढलं. काळा दगड, त्यात खोल कोरलेली, पांढरा रंग भरलेली अक्षरं. 'कै. कु. शलाका इंगवले हिच्या स्मरणार्थ. समस्त ग्रामस्थ, आंबेकोंड.'

ती खाली बसली. हात पुढं करून तिनं पाटीच्या कडेनं दगडांवर फिरवला. कढत पाणी होतं, तरी फिरवत राहिली. बायांना वाटलं, आई लेकीच्या नावावरून हात फिरवतेय. त्यांनी डोळ्यांना पदर लावले. मला ठाऊक होतं ती काय करत होती. ती नखानं फटी चाचपत होती. एकेक फट. बोटं लाल झाली तरी थांबेना, तेव्हा मी तिच्या खांद्याला धरलं.

वहिनी तिला नारळ द्यायला वाकल्या. तेव्हा त्यांचे हात दिसले. दोन्ही तळवे सोललेले, बोटांच्या पेरांवर फोड येऊन फुटलेले, काही ठिकाणी नवी गुलाबी कातडी आलेली. त्यांनी ते पदराखाली घ्यायला पाहिले, पण कुमुदनं धरले. बराच वेळ ती त्या हातांकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता सांगेल. आता हिचा बांध फुटेल.

"आवडलं ना बाय?" वहिनींनी विचारलं.

"फार छान केलंत, वहिनी," कुमुद म्हणाली. "शलाकाला आवडलं असतं."

तिनं पर्समधून मलम काढून वहिनींच्या हातांना लावलं, दोन्ही हातांना, बोट न् बोट. मग वहिनींना माझ्या हातातला थर्मास दिसला. तीर्थ न्यायला आणलाय, असं त्यांना वाटलं. माझ्या हातून घेतला, घरून भरून आणलेलं पाणी ओतून दिलं आणि पाटीवरून वाहणारं पाणी त्यात भरून, झाकण घट्ट करून परत दिला. कुमुद बघत उभी होती. तिनं त्यांना अडवलं नाही.

जेवायला उन्हाळ्याच्या पाण्यात शिजवलेला भात होता, कुळथाची पिठी होती, नाचणीच्या भाकरी. कुमुदनं मागून घेऊन खाल्लं. सगळ्या बायांची विचारपूस केली, कुणाची सून, कुणाचा नातू. निघताना वहिनींनी तिची ओटी भरली.

साखरपा मागे टाकून घाट सुरू झाला तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, विचारायचं तरी होतंस, खाली कुठं एखादा दगड राहिला असेल, काढून ठेवलेलं काही असेल. ती बाहेर बघत म्हणाली, "वहिनींचे हात बघितलेत ना?" आणि मग रडायला लागली. शलाका गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. मी गाडी कडेला घेतली. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न देत गेले.

थर्मासातलं पाणी तिनं हिवाळाभर जपलं. काय काय घालून पाहिलं, पण त्यात काही वाढलं नाही. मे महिन्यात तिनं किल्ल्या दिल्या. त्या जिवाणूच्या जनुकांची रचना कागदावर होतीच. कॉलेजातले लोक म्हणाले, जिवंत नसला तरी छापता येतं, फक्त नावापुढे 'उमेदवार' असं लागतं, म्हणजे नाव अजून कच्चं. कुमुद म्हणाली, उमेदवार म्हणून शलाका नको. तिनं नावाच्या जागी नुसता आकडा घालून लेख छापला. लाल थर्मास माळ्यावर गेला.

आंबेकोंडला मात्र आम्ही दर वर्षी जत्रेला जातो. जत्रेच्या आधी बाया तोंडाशी उतरून पाटी आणि आजूबाजूचे दगड काथ्यानं घासतात, नाव नीट दिसावं म्हणून. मी एकदा कुमुदला म्हटलं, कारण सांगू नकोस, पण घासू नका एवढं तर सांग. ती म्हणाली, वहिनी कारण विचारल्याशिवाय राहणार नाहीत, आणि कळलं तर त्यांना उरलेल्या आयुष्यात अन्न गोड लागणार नाही. एकीचं तसं झालंय तेवढं पुरे.

मागच्या वर्षी कुमुद पाटीसमोर बसली ती उठेचना. मला वाटलं गुडघे धरले असतील. तर तिनं चष्मा कपाळावर सरकवला होता आणि नाक पाटीला लागेल इतकी वाकली होती. 'श' च्या खाचेत, पांढरा रंग उडाला होता तिथं, एक नारिंगी रेघ धरली होती. सुतासारखी. काथ्या खाचेत पोचत नाही ना. मी विचारलं, तोच का? ती म्हणाली, बघून सांगता येत नाही, त्या संघातले सगळे असेच दिसतात, दुसराही कुणी असेल. मग म्हटलं, घे की खरवडून. नको म्हणाली, इवलंसं आहे, आत्ता काढलं तर संपून जाईल, वर्षभर धरू दे. तिची एक विद्यार्थिनी आता तीच प्रयोगशाळा सांभाळते, तिला तिनं परतल्यावर फोन करून ठेवला. आणि ह्या पौषात मला माळ्यावर चढवून थर्मास काढायला लावला. पंचाहत्तरीच्या माणसाला. मी कुरकुरत चढलो, पण चढलो. तिनं तो उकळत्या पाण्यानं धुतला, उन्हात पालथा घातला, पुन्हा धुतला. स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

परवा वहिनींचा फोन आला. कुमुदला आता ऐकू कमी येतं, म्हणून मी स्पीकर लावला. वहिनी म्हणाल्या, बाय, यंदा माझ्याच्यानं खाली उतरवत न्हाय, पण काळजी करू नको, सुनेनं केलंय सगळं. माझ्यापेक्षा बरं केलंय. मागल्या साली त्या 'श' मधे घाण धरली होती, माझ्या जिवाला लागून राहिलं होतं. पोरीच्या नावात घाण कशी ठेवायची? ह्या वेळी सुनेला सांगितलं, दाभण घे आणि एकेक अक्षर कोरून काढ. दिवसभर बसली बिचारी. आता बघशील तर अक्षरं कशी नव्यासारखी दिसतायत.

कुमुद फोनकडे बघत होती. थर्मास तिच्यासमोर टेबलावरच होता.

"बरं केलंत, वहिनी," ती म्हणाली. "सुनेचे हात भाजले नाहीत ना?"